अकरावा क्रमांक

हजेरीची वही मांडीवर धरून मी बसले होते
अ‍ॅडलेडपासून दोन दिवस.
डांबर संपलं तिथून पुढे अक्षरंही हलू लागली.
सतरा मुलं. दर थांब्यावर सतरा.
मल्गाच्या झुडपांआड जाऊन आल्यावर सतरा,
कॉस्टाला दोनदा ओकारी झाली, तरी सतरा.

वस्तीच्या तोंडाशी आधी कुत्री आली,
मग पोरं, मग सावकाश चालत सेल्विन.
म्हणाला, बस इथेच राहू दे. रोझलिन येईल,
ती सांगेल कुठून आत यायचं ते.
पाऊण तास आम्ही लाल धुळीत उभे.
मी घड्याळ पाहिलं. ते शेवटचं,
असं लिहिलं तर बरं दिसेल,
पण खोटं. आठवडाभर मी रोज पाहत होते.

रोझलिन तिथल्या शाळेत मदतनीस.
तिने वही मागून घेतली,
बोट एकेका ओळीवरून खाली आणलं
आणि अकराव्यावर थांबली.
या मुलीला इथे या नावाने हाक मारू नका.
मार्चमध्ये आमची एक बाई गेली.
मी विचारलं, कोण होती?
आणि शब्द सुटल्यावर कळलं
की उत्तराला जो शब्द लागतो
तोच तर तिने आत्ता झाकून ठेवलाय.

तर आमची अकरावी झाली कुन्मनारा.
ज्याचं नाव घ्यायचं नाही, त्याचं ते नाव.
वस्तीत आणखी दोघी होत्या तशा.
एक दुकानात गल्ल्यावर बसायची,
दुसरी आठ वर्षांची, पुढचे दात पडलेली.
तिने येऊन आमचीचं मनगट धरलं
आणि तीन बोटं दाखवली.

सहलीसाठी आम्ही जाड सदरे शिवून घेतले होते,
पाठीवर प्रत्येकाचं नाव, पिवळ्या ठळक अक्षरांत.
त्या संध्याकाळी कुणी न सांगता
तिने सदरा उलटा घातला.
शिवण बाहेर, धागे लोंबताहेत,
गळ्याशी धुलाईच्या सूचना.

बाकीचं सगळं ठरल्यासारखं झालं, म्हणजे काहीच नाही.
आम्ही आणलेल्या पेन्सिली बसमध्येच राहिल्या,
तिथल्या कपाटात आधीच तीन शाळांच्या पेन्सिली होत्या.
बूट घातलेली आमची पोरं
अनवाणी पोरांकडून फुटबॉलमध्ये सपाटून हरली.
मधमुंग्यांसाठी बायका कमरेइतकं खणत गेल्या,
डार्सीने एक मुंगी जिभेवर धरली
आणि पहिल्यांदाच गप्प बसला.

एक म्हातारी यायची, आंधळ्या कुत्रीला घेऊन.
पहिल्या दिवशी तिने अकरावीची हनुवटी धरून
बराच वेळ पाहिलं. थोडी रडली. मग चहा दिला, खूप साखरेचा.
दोघी दिवसभर तिथेच.
रात्री मी विचारलं, काय केलंत गं?
बसलो, म्हणाली.
मी वहीत ‘उपक्रम’ या रकान्यात
काय लिहावं ते सुचलं नाही. अजून कोरा आहे.

परतताना बसमध्ये हजेरी.
दहा झाले. मी थांबले.
इंजिनाचा आवाज, मागे कुणाचा तरी खोकला.
आहे, तीच म्हणाली.
गुरांची जाळी ओलांडली, मग डांबर लागलं,
मग पहिला टॉवर, सगळ्यांचे फोन एकदम किणकिणले.
डार्सी पुढे येऊन कानाशी म्हणाला,
मिस, आता चालेल का?
मला ठाऊक नव्हतं. रोझलिनला विचारायला हवं होतं
की ते नाव कुठपर्यंत ऐकू जातं.

शाळेच्या फाटकाशी आई उभी होती.
तिने दोन्ही हात उंचावून,
वाहनतळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत,
आनंदाने, मोठ्याने,
ते घेतलं.

सोळा मुलांनी माना खाली घातल्या.
मी बॅगा मोजत असल्यासारखं केलं.
ती हळूहळू आईकडे गेली,
सदरा तसाच, उलटा.